विस्मृत सेनेचा सेनापती : फील्ड मार्शल विल्यम स्लिम

१९४२ च्या मे महिन्यात ब्रह्मदेशातून मणिपूरकडे येणाऱ्या डोंगरवाटांवर मान्सूनच्या पहिल्या सरी कोसळू लागल्या होत्या. त्या चिखलातून एक हरलेली सेना भारताच्या सीमेकडे सरकत होती. हिवताप आणि हगवणीने सैनिक खंगले होते, अंगावरच्या गणवेशांच्या चिंध्या झाल्या होत्या आणि जवळजवळ सर्व वाहने चिंदविन नदीच्या पलीकडे टाकून द्यावी लागली होती. रंगूनच्या परिसरापासून सुरू झालेली सुमारे ९०० मैलांची ही माघार ब्रिटिश लष्कराच्या इतिहासातील सर्वांत लांबची माघार ठरली. या सेनेचे नेतृत्व करणारे पन्नास वर्षांचे सेनानी होते विल्यम जोसेफ स्लिम. तीनच वर्षांनी याच सेनापतीने ब्रह्मदेशातील जपानी सत्तेचा कणा मोडला. हे यश ज्या सेनेच्या बळावर मिळाले, तिच्यात बहुसंख्य सैनिक भारतीय होते. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश सेनापती म्हटले की माँटगोमेरी यांचे नाव चटकन ओठांवर येते. स्लिम यांचे नाव मात्र भारतातही फारसे कोणी घेत नाही.

स्लिम यांचा जन्म ६ ऑगस्ट १८९१ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल शहराच्या बिशपस्टन या उपनगरात झाला. वडील लोखंडी सामानाचे व्यापारी होते. पुढे हे कुटुंब बर्मिंगहॅमला स्थलांतरित झाले. घरची स्थिती बेताची असल्याने थोरल्या भावाचे वैद्यकीय शिक्षण सुरू असताना धाकट्याच्या उच्च शिक्षणासाठी पैसा उरला नाही. स्लिम यांनी काही काळ गरीब वस्तीतील शाळेत शिक्षकाची नोकरी केली आणि नंतर धातूच्या नळ्या बनविणाऱ्या कंपनीत ते कारकून झाले. सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयाचा खर्च परवडणाऱ्या वर्गातले ते नव्हते. सैनिकी जीवनाची ओढ मात्र होती. बर्मिंगहॅम विद्यापीठाचे विद्यार्थी नसतानाही १९१२ मध्ये त्यांनी तेथील अधिकारी प्रशिक्षण दलात प्रवेश मिळविला. ऑगस्ट १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धाला तोंड फुटले आणि या कारकुनाच्या खांद्यावर रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटच्या सेकंड लेफ्टनंटपदाची चिन्हे लागली.

ऑगस्ट १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या सारी बैर टेकड्यांवरील लढाईत ते गंभीर जखमी झाले. या लढाईत त्यांची तुकडी सहाव्या गुरखा रायफल्सच्या बरोबरीने लढली होती. गुरखा सैनिकांचे शौर्य आणि त्यांचा दिलदारपणा तरुण स्लिम यांच्या मनावर कायमचा ठसला. बरे होऊन ते मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, आघाडीवर गेले. तेथे १९१७ मध्ये त्यांना पुन्हा जखमा झाल्या. या आघाडीवरील कामगिरीबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस हे पदक मिळाले. रसद आणि वैद्यकीय व्यवस्थेच्या अनागोंदीमुळे ही मोहीम पुढे कुप्रसिद्ध झाली. मराठा पलटणींच्या इतिहासातही तिला वेगळे स्थान आहे. एप्रिल १९१६ मध्ये कूत येथे शरण जावे लागलेल्या जनरल टाऊनशेंड यांच्या फौजेत तीन मराठा पलटणी होत्या.

युद्ध संपल्यावर स्लिम यांनी ब्रिटिश लष्कराऐवजी भारतीय लष्कराची वाट धरली. त्यामागे गुरखा सैनिकांविषयीचे प्रेम होते, तसाच रोकडा व्यवहारही होता. ब्रिटनमधील पलटणीत अधिकारी म्हणून मानाने राहायचे तर घरचे उत्पन्न लागे आणि स्लिम यांच्याकडे ते नव्हते. १९२० मध्ये ते गॅलिपोलीत पाहिलेल्या त्याच सहाव्या गुरखा रायफल्समध्ये दाखल झाले. १९२६ मध्ये त्यांचा विवाह झाला. क्वेट्टा येथील स्टाफ कॉलेजात ते शिकले आणि पुढे इंग्लंडमधील कॅम्बर्लीच्या स्टाफ कॉलेजात त्यांनी अध्यापन केले. बुद्धिमत्तेची वाखाणणी होत होती, पण शांततेच्या काळात बढत्या गोगलगायीच्या गतीने मिळत. पगाराला हातभार म्हणून ते नियतकालिकांसाठी कथा लिहीत. त्यासाठी आडनावातील अक्षरे उलटी फिरवून त्यांनी अँथनी मिल्स हे टोपणनाव घेतले होते. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, १९३८ मध्ये, त्यांना प्रथमच एका गुरखा पलटणीचे नेतृत्व मिळाले. १९३९ मध्ये ते बेळगावच्या वरिष्ठ अधिकारी प्रशिक्षण शाळेचे प्रमुख झाले. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या या गावातूनच दुसऱ्या महायुद्धाकडे जाणारा त्यांचा मार्ग सुरू झाला.

त्या युद्धातील त्यांची पहिली लढाई अपयशाची होती. नोव्हेंबर १९४० मध्ये सुदान आणि अॅबिसिनियाच्या सीमेवरील गालाबात हा किल्ला त्यांच्या दहाव्या भारतीय ब्रिगेडने इटालियन सैन्याकडून जिंकला. मात्र रणगाडे नादुरुस्त झाले, इटालियन विमानांनी जबर मारा केला आणि समोरचे मेटेम्मा हे ठाणे घेण्याचा बेत सोडून स्लिम यांनी माघार घेतली. शत्रूही तेव्हा पळ काढण्याच्या बेतात होता, असे नंतर लक्षात आले. दोन पर्यायांपैकी धाडसाचा पर्याय आपण टाळला, याची खंत त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवली. जानेवारी १९४१ मध्ये इरिट्रियात विमानातून झालेल्या गोळीबारात ते पुन्हा जखमी झाले. त्याच वर्षी दहाव्या भारतीय डिव्हिजनचे प्रमुख म्हणून इराक, सीरिया आणि इराणमधील मोहिमांत त्यांनी यश मिळविले.

मार्च १९४२ मध्ये त्यांना तातडीने ब्रह्मदेशात धाडण्यात आले, तेव्हा तेथील युद्ध जवळपास हातचे गेले होते. सितांग नदीवरचा पूल फेब्रुवारीतच उडवून देण्यात आला होता आणि सतराव्या भारतीय डिव्हिजनचा मोठा भाग पलीकडच्या तीरावर अडकला होता. ८ मार्चला रंगून पडले. समुद्रमार्गे येणारी रसद आणि कुमक दोन्ही तुटली. जपानी सैनिक जंगलातून वळसा घालून पिछाडीस येत, रस्ता अडवून बसत आणि मोटारींवर विसंबलेली ब्रिटिश-भारतीय फौज रस्त्यालाच खिळून राही. एप्रिलमध्ये येनांजाँगच्या तेलविहिरी शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून त्यांना आग लावावी लागली. त्याच परिसरात वेढली गेलेली पहिली बर्मा डिव्हिजन चिनी सैन्याच्या मदतीने कशीबशी बाहेर पडली. ब्रह्मदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले लाखो भारतीयही याच सुमारास भारताच्या दिशेने निघाले होते. त्यांतील हजारोंनी वाटेतच प्राण सोडले.

या माघारीत स्लिम यांनी एक गोष्ट साध्य केली. सैन्य फुटू दिले नाही. इंफाळला पोहोचलेले सैनिक रोगाने जर्जर होते, पण आपापल्या तुकडीत होते आणि त्यांच्या हातात शस्त्रे होती. आपल्याला चारीमुंड्या चीत करण्यात आले, हे स्लिम यांनी कधी लपविले नाही. हवामान, विमानांची टंचाई, मित्रराष्ट्रांचा बेबनाव अशी कारणे हाताशी होती. तरीही जपानी सेनापतींनी आपल्यापेक्षा सरस युद्ध केले, असा निवाडा त्यांनी स्वतःविरुद्ध दिला. पुढचे सारे यश या कबुलीतून उभे राहिले. आपण का हरलो, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी शत्रूच्या पद्धतीत आणि आपल्या चुकांत शोधले.

१९४२-४३ मध्ये आराकानच्या किनारपट्टीवरील पहिली चढाईही फसली. तिच्या अखेरच्या टप्प्यात स्लिम यांच्याकडे सूत्रे देण्यात आली. अपयशाचे खापर त्यांच्या माथी फोडून त्यांना दूर करण्याचा प्रयत्न वरिष्ठ असलेल्या जनरल आयर्विन यांनी केला. प्रत्यक्षात आयर्विन यांनाच जावे लागले. ऑक्टोबर १९४३ मध्ये स्लिम चौदाव्या सेनेचे सेनापती झाले. भारतीय, गुरखा आणि ब्रिटिश सैनिकांबरोबर पूर्व व पश्चिम आफ्रिकेतील डिव्हिजनही या सेनेत होत्या. लंडनच्या दृष्टीने युरोपचे युद्ध आधी होते. त्यामुळे शस्त्रे, विमाने आणि बातम्यांतील जागा या सर्वच बाबतींत ही आघाडी शेवटी असे. विस्मृत सेना हे नाव तिला युद्ध चालू असतानाच मिळाले.

या सेनेच्या पिछाडीला बंगाल होता आणि १९४३ मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. सुमारे ३० लाख माणसांचा बळी घेणाऱ्या या आपत्तीला सरकारची युद्धकालीन धोरणेही कारणीभूत होती. नवे व्हाइसरॉय वेव्हेल यांनी मदतकार्यासाठी लष्कर उतरवेपर्यंत ऑक्टोबर उजाडला. ब्रह्मदेशाच्या लढाईचा इतिहास सांगताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही.

स्लिम यांच्यासमोर रसद, आरोग्य आणि मनोबल असे तीन प्रश्न होते. त्यांतील आरोग्याचा प्रश्न सर्वांत बिकट होता. १९४३ मध्ये जखमी म्हणून आघाडीवरून हलविलेल्या प्रत्येक सैनिकामागे १२० सैनिक आजारी म्हणून हलवावे लागत होते. वर्षभरातील हिवतापाच्या रुग्णांचे प्रमाण सैन्यसंख्येच्या ८४ टक्के होते. स्लिम यांनी आघाडीलगतच उपचार केंद्रे उभारली आणि मेपाक्रिनच्या गोळ्या सक्तीच्या केल्या. गोळ्या खरोखर घेतल्या जातात की नाही, याची अचानक तपासणी होऊ लागली. ज्या पलटणींत हयगय आढळली, त्यांच्या कमांडिंग अधिकाऱ्यांनाच पदावरून दूर करण्यात आले. तिघांना असे घरी पाठविल्यावर बाकीच्यांना योग्य तो अर्थ कळला. १९४५ पर्यंत आजारी पडण्याचे प्रमाण दिवसाला हजारी एकपर्यंत खाली आले.

रसदीचा तिढा विमानांनी सोडविला. शत्रूने रस्ता अडविला तर मागे पळायचे नाही, जागेवरच पाय रोवून उभे राहायचे आणि अन्न व दारूगोळा आकाशातून घ्यायचा, ही नवी शिस्त ठरली. सामान टाकण्यासाठी रेशमी हवाई छत्र्या पुरेशा मिळेनात, तेव्हा कोलकात्याच्या ज्यूट गिरण्यांकडून तागाच्या छत्र्या करून घेण्यात आल्या. रेशमी छत्रीच्या तुलनेत त्यांचा खर्च विसाव्या हिश्शाच्या आसपास होता. अशा काटकसरीवर ही सेना उभी राहिली.

मनोबलाच्या बाबतीत त्यांनी भाषणांपेक्षा अनुभवावर भर दिला. जपानी सैनिक अजिंक्य आहे, हे भूत सैनिकांच्या मानेवरून उतरवायचे होते. त्यासाठी प्रथम लहान गस्ती तुकड्या जंगलात पाठविण्यात आल्या. नंतरच्या छोट्या चकमकींत शत्रूच्या एका कंपनीवर पूर्ण ब्रिगेड आणि एका प्लाटूनवर पूर्ण बटालियन सोडण्यात येई. हा प्रकार युद्धशास्त्राच्या दृष्टीने उधळपट्टीचा होता, पण जपान्यांना हरविता येते, हे सैनिकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. स्लिम स्वतः एका तुकडीकडून दुसरीकडे फिरत राहिले. गुरखा सैनिकांशी ते त्यांच्या भाषेत आणि भारतीय जवानांशी उर्दूत बोलत. रुंद जबड्याचा, साध्या बोलण्याचा हा सेनापती सैनिकांचा अंकल बिल झाला.

नव्या सेनेची पहिली कसोटी फेब्रुवारी १९४४ मध्ये आराकानात लागली. सातव्या भारतीय डिव्हिजनच्या पिछाडीचे ठाणे जपान्यांनी वेढले. आत कारकून, स्वयंपाकी, खेचरवाले आणि डॉक्टरही होते. विमानांतून रसद पडत राहिली आणि अडीच आठवड्यांनी वेढा घालणाऱ्यांवरच उपासमारीची पाळी आली.

खरा घाला मार्चमध्ये इंफाळवर आला. जनरल मुतागुची यांच्या पंधराव्या सेनेच्या तीन डिव्हिजन चिंदविन ओलांडून निघाल्या. स्लिम यांनी पुढच्या तुकड्या मागे घेऊन इंफाळच्या पठारावर लढण्याचे ठरविले होते, जेणेकरून शत्रूची रसद डोंगरात ताणली जावी. योजना बिनतोड होती, पण ती अमलात आणताना स्लिम दोनदा चुकले. माघारीचा हुकूम देण्यास उशीर झाला आणि कोहिमावर संपूर्ण डिव्हिजन चालून येईल, याचा अंदाज आला नाही. या दोन्ही चुकांची जबाबदारी त्यांनी नंतर नि:संदिग्ध शब्दांत स्वतःवर घेतली. आपल्या चुकीतून आपल्याला सैनिकांच्या चिवटपणाने वाचविले, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या चिवटपणात मराठा जवानांचा वाटा मोठा होता. उखरूलजवळच्या सांगशाक या नागा गावी पन्नासाव्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडने मार्चअखेर जपान्यांना काही दिवस रोखून धरले. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन या ब्रिगेडबरोबर लढत होती. पाण्याचा तुटवडा, कातळामुळे न खणता येणारे खंदक आणि शत्रूच्या हद्दीत जाऊन पडणारी रसद अशा स्थितीत हे जवान झुंजले. तेथे मिळालेल्या दिवसांत पाचवी भारतीय डिव्हिजन माणसे, तोफा आणि खेचरांसह आराकानातून विमानांनी इंफाळ व दिमापूर परिसरात आणता आली. एप्रिलमध्ये कोहिमाच्या टेकडीवर उपायुक्तांच्या बंगल्याचे टेनिस कोर्ट ही दोन्ही सैन्यांमधील सीमा झाली होती. २२ जून रोजी कोहिमा-इंफाळ रस्ता मोकळा झाला आणि जुलैत जपानी सेना मागे फिरली. आलेल्या सुमारे ८५ हजारांपैकी ५० हजारांहून अधिक सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. अनेकांना भूक आणि रोगांनी गाठले.

याच रणभूमीवर दुसऱ्या बाजूने आझाद हिंद सेनेचे जवानही उतरले होते. १४ एप्रिल १९४४ रोजी मोइरांग येथे त्यांनी तिरंगा फडकविला. या जवानांच्या हेतूंना स्लिम यांनी कधी न्याय दिला नाही. आपल्या ग्रंथात त्यांनी या सेनेची तुच्छतेनेच बोळवण केली. एक भारतीय देशाच्या मुक्ततेसाठी आणि दुसरा आपल्या पलटणीच्या इभ्रतीसाठी त्याच डोंगरात लढत होता, हे गुंतागुंतीचे वास्तव साम्राज्याच्या सेनापतीला पूर्णपणे उमजणे कठीणच होते.

डिसेंबर १९४४ मध्ये वेव्हेल यांनी इंफाळ येथे स्लिम यांना सर हा किताब प्रदान केला. तेव्हा त्यांची सेना पुन्हा ब्रह्मदेशात शिरली होती. जपानी सैन्य इरावती नदीच्या पलीकडे गेल्याचे कळताच स्लिम यांनी आखलेला बेत मोडून नवा बेत आखला. मंडालेच्या दिशेने नदी ओलांडण्याचा देखावा जोरात करायचा आणि प्रत्यक्षात एक संपूर्ण कोअर गुपचूप दक्षिणेला नेऊन पाकोक्कूजवळ नदी पार करायची, असा तो डाव होता. त्या कोअरचे खोटे मुख्यालय जुन्या जागेवरून बिनतारी संदेश पाठवीत राहिले आणि जपानी सेनापती फसले. मार्च १९४५ च्या आरंभी मेईक्तिला हे रसदीचे केंद्र पडले. २० मार्चला मंडाले हाती आले. लोकमान्य टिळकांच्या कारावासामुळे मराठी मनाला परिचित असलेले हे शहर युद्धात उद्ध्वस्त झाले. मान्सूनशी शर्यत लावत सेना दक्षिणेकडे धावली आणि मेच्या पहिल्या आठवड्यात समुद्रमार्गे आलेल्या फौजेने रंगून ताब्यात घेतले.

विजयाच्या त्याच महिन्यात स्लिम यांना चौदाव्या सेनेवरून दूर करण्याचा घाट जनरल लीझ यांनी घातला. सेनेत असंतोष पसरला, लंडनमध्ये चक्रे फिरली आणि अखेरीस लीझ यांनाच परत बोलावण्यात आले. त्यांची जागा स्लिम यांनी घेतली. आयर्विन यांच्या वेळचीच ही पुनरावृत्ती होती.

युद्धानंतर निवृत्त होऊन स्लिम ब्रिटनच्या राष्ट्रीयीकृत रेल्वेच्या प्रशासनात गेले होते. माँटगोमेरी यांची पसंती दुसऱ्या अधिकाऱ्याला होती. तरीही पंतप्रधान अॅटली यांनी स्लिम यांनाच परत बोलावले. नोव्हेंबर १९४८ मध्ये ते ब्रिटिश लष्कराचे सर्वोच्च प्रमुख झाले. भारतीय लष्करातून आलेल्या अधिकाऱ्याला हे पद प्रथमच मिळाले. पुढच्याच वर्षी ते फील्ड मार्शल झाले. १९५३ पासून १९६० च्या आरंभापर्यंत ते ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर जनरल होते. गॅलिपोलीत रक्त सांडलेला माणूस म्हणून तेथे त्यांचे प्रेमाने स्वागत झाले. मात्र त्या काळात एका बालगृहाला दिलेल्या भेटींदरम्यान त्यांनी मुलांशी गैरवर्तन केल्याचे आरोप त्यांच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी झाले. त्यांची न्यायालयीन शहानिशा झाली नाही, पण कॅनबेरातील त्यांच्या नावाचा रस्ता २०१९ मध्ये बदलण्यात आला. चरित्रातील हा काळा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही.

१९५६ मध्ये त्यांचा ‘डिफिट इन्टू व्हिक्टरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सेनापतींच्या आठवणी बहुधा स्वतःच्या समर्थनासाठी लिहिलेल्या असतात. या ग्रंथाचे वेगळेपण असे, की त्यात लेखक आपल्या चुका एकामागून एक मांडत जातो आणि श्रेय सैनिकांकडे वळते करतो. लष्करी विद्यालयांत तो आजही वाचला जातो. १४ डिसेंबर १९७० रोजी लंडन येथे स्लिम यांचे निधन झाले. लंडनच्या व्हाइटहॉलमध्ये माँटगोमेरी यांचा पुतळा १९८० मध्ये उभा राहिला. स्लिम यांच्या पुतळ्यासाठी १९९० साल उजाडावे लागले. २०११ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लष्करी संग्रहालयाने घेतलेल्या मतदानात मात्र वेलिंग्टन यांच्याबरोबरीने त्यांना ब्रिटनचा सर्वश्रेष्ठ सेनापती ठरविण्यात आले. २०१३ मध्ये त्याच संग्रहालयाच्या मतदानात इंफाळ-कोहिमाला सर्वांत मोठ्या लढाईचा मान मिळाला.

उशिरा का होईना, सेनापतीला त्याचे स्थान मिळाले. त्याच्या सैनिकांचा हिशेब अजून पुरा झालेला नाही. स्वतंत्र भारताने आझाद हिंद सेनेच्या त्यागाला योग्य तो मान दिला, पण त्या डोंगरात समोरच्या खंदकात पडलेल्या भारतीयांना कोणत्या रकान्यात बसवावे, हे त्याला ठरविता आले नाही. साम्राज्याचा गणवेश अंगावर असला, तरी जपानी आक्रमण भारताच्या दारात अडविले ते त्यांनीच. कोहिमाच्या युद्ध दफनभूमीत टेनिस कोर्टाच्या खुणा आजही जपलेल्या आहेत. तेथे १४२० कबरी आहेत आणि त्यांच्या वरच्या बाजूला, ज्यांचे दहन झाले अशा ९१७ हिंदू व शीख सैनिकांचे स्मारक आहे. स्लिम यांनी विजयाचे श्रेय ज्यांना दिले, त्यांची नावे तेथे कोरलेली आहेत.